दोन एनएमयू

जळगावहून धुळ्याकडे निघालं की गिरणेचा पूल लागतो आणि पुढे बांभोरीजवळच्या टेकड्यांवर विद्यापीठाच्या इमारती दिसू लागतात. २०१८ पासून या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. ज्यांनी त्या काळात परीक्षा दिल्या, निकालाच्या यादीत आपला नंबर शोधला, ते अजूनही ‘उमवि’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘एनएमयू’. मीही म्हणतो. म्हणूनच एका सामन्याच्या चित्रफितीत गुणफलकावर ‘एनएमयू’ अशी अक्षरं दिसली तेव्हा मी जागीच थबकलो. खाली पांढराशुभ्र बर्फ होता. त्यावरून हिरव्या-सोनेरी पोशाखातली मुलं पायात पाती बांधून वाऱ्यासारखी सुटली होती.

ती नॉर्दर्न मिशिगन युनिव्हर्सिटी होती. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठचं मार्क्वेट नावाचं गाव हा तिचा मुक्काम. आपलं एनएमयू १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, मार्च १९९१ मध्ये, त्या एनएमयूची मुलं साऱ्या अमेरिकेच्या विद्यापीठ आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीसमोर उभी होती. सुरुवातीलाच तीन गोलांनी मागे पडलेला हा संघ पुढे निघून गेला, आणि शेवटच्या मिनिटात बोस्टनने ७-७ अशी बरोबरी केली. जादा वेळेचे एक नव्हे, तीन डाव खेळावे लागले. शेवटी ८-७. पुण्यापासून वेगळं होऊन आपला पहिला उन्हाळा बघणाऱ्या विद्यापीठाला त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र हा योगायोग कळल्यापासून तो डोक्यातून जात नाही, कारण त्याच्यामागे एक फार मोठी आणि आपल्याला आतून ओळखीची वाटावी अशी व्यवस्था दडलेली आहे.

तिला तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे सभागृह, गळ्यातला बिल्ला आणि शोधनिबंध येतात. महाविद्यालयीन खेळात त्याचा अर्थ अगदी वेगळा. आठ-दहा विद्यापीठं एकत्र येऊन एकमेकांना शब्द देतात: दरवर्षी आम्ही एकमेकांशी खेळू, तुमच्या गावी येऊ, तुम्ही आमच्या गावी या. बस, एवढंच. त्या शब्दातून वेळापत्रक तयार होतं, वेळापत्रकातून गुणतक्ता, आणि गुणतक्त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आणि जिव्हाळा. नॉर्दर्न मिशिगन ज्या कॉन्फरन्समध्ये आज खेळते तिचं नाव सेंट्रल कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, थोडक्यात सीसीएचए.

हा प्रदेश आधी नीट डोळ्यांसमोर आणायला हवा. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये पाणी आहे. वरच्या तुकड्याला अप्पर पेनिन्सुला म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४२,००० चौरस किलोमीटर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून भरतात सुमारे २५,०००. आता माणसं मोजा. २०११ च्या जनगणनेत आपल्या तीन जिल्ह्यांत मिळून ७९ लाखांच्या आसपास लोक होते. त्या अख्ख्या अप्पर पेनिन्सुलात आहेत साधारण तीन लाख. एकट्या जळगाव शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. या विरळ, जंगलाने भरलेल्या, वर्षातले पाच महिने बर्फाखाली असणाऱ्या मुलखात तीन विद्यापीठं आहेत: मार्क्वेटची नॉर्दर्न मिशिगन, होटन गावची मिशिगन टेक आणि कॅनडाच्या हद्दीवरच्या सू सेंट मरी गावची लेक सुपीरियर स्टेट. तिघी सीसीएचएच्या सदस्य. राष्ट्रीय विजेतेपदं मोजली तर मिशिगन टेकची तीन (१९६२, १९६५, १९७५), लेक सुपीरियर स्टेटची तीन (१९८८, १९९२, १९९४) आणि नॉर्दर्न मिशिगनचं एक. म्हणजे सात! हार्वर्डच्या नावावर या खेळात एकच आहे.

लेक सुपीरियर स्टेटमध्ये विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या गावच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयातही याहून जास्त मुलं असतात. या तिन्ही विद्यापीठांचे बाकीचे खेळ, म्हणजे बास्केटबॉल वगैरे, दुसऱ्या श्रेणीत खेळले जातात. फक्त हॉकीत ती पहिल्या श्रेणीत, चाळीस-पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांच्या बरोबरीने उतरतात.

असं का झालं असेल? एक उत्तर जमिनीखाली आहे आणि एक आभाळात. जमिनीखाली होतं तांबं. एकोणिसाव्या शतकात होटनच्या परिसरात तांब्याच्या खाणींसाठी झुंबड उडाली. त्या खाणींना शिकलेले लोक हवेत म्हणून १८८५ मध्ये तिथे खाणकामाची शाळा निघाली, तीच आजची मिशिगन टेक. खाणींमुळे गावात पैसा आला आणि लांबलचक हिवाळ्यात करमणूक हवी होती. १९०४ मध्ये याच होटनच्या आधाराने खेळाडूंना उघडपणे पगार देणारी जगातली पहिली आइस हॉकी लीग उभी राहिली. तिच्यामागचा माणूस होता कॅनडाहून आलेला एक दंतवैद्य, डॉक गिब्सन. सीसीएचएच्या साखळीत पहिला येणाऱ्या संघाला आज मिळणारा मॅकनॉटन चषकसुद्धा तांब्याच्या खाण कंपनीच्या एका प्रमुखाने दिलेला आहे. १९१३ सालचा चांदीचा चषक आहे तो. खाणी कधीच बंद झाल्या, चषक अजून फिरतोय.

आभाळातलं उत्तर तर मला जास्तच भावतं. सुपीरियर हे पृष्ठभागाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले तीन खानदेश त्यात बुडतील. हिवाळ्यात कॅनडाकडून कोरडा, गोठवणारा वारा येतो. सरोवराचं पाणी त्या मानाने ऊबदार. वारा ते पाणी उचलतो आणि काठावरच्या उंच जमिनीला टेकताच हिम करून टाकून देतो. होटनच्या भागात एका हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास हिम पडतं. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला नैर्ऋत्य वारा सह्याद्रीला टेकून ओझं उतरवतो, तीच ही गोष्ट. फरक इतकाच की आपण खानदेशी माणसं त्या डोंगराच्या मागच्या बाजूला राहतो आणि उरलेल्या पावसावर भागवतो. होटनचे लोक डोंगराच्या पुढच्या बाजूला राहतात.

मेहरूण तलाव एका रात्रीत गोठून दगडासारखा झाला आहे आणि जळगावची पोरं त्यावर काठ्या घेऊन धावत आहेत, अशी कल्पना करून पाहा. तिथे ती कल्पना नाही, डिसेंबर आहे.

पण आजचे सामने तलावावर होत नाहीत, ते छताखाली यंत्राने गोठवलेल्या बर्फावर होतात. इथे मला थांबायचंच आहे, कारण हा बर्फ कसा होतो हे कळल्यावर उन्हाळ्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. अमेरिकेत रिंकचं नेहमीचं माप सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. खाली काँक्रीटचा ओटा, त्याच्या पोटात किलोमीटरोगणती नळ्या. नळ्यांतून शून्याखाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल सतत फिरतं. ओट्यावर पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारतात आणि गोठवतात. असं करत करत जो बर्फ तयार होतो त्याची जाडी किती? तीन सेंटिमीटर. बोटाच्या दीड पेरापेक्षा जास्त नाही. हिशेब केला तर सगळं मिळून ४५ ते ५० हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी पुरवणारे मोठे टँकर धरले तर चार-पाच खेपा!

आणि ते गोठवणारं यंत्र आपल्याला परकं नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या पाडणारं, सावदा-फैजपूरकडे केळी ठेवण्याच्या शीतगृहात घरघरणारं, त्याच जातीचं आहे ते. द्रव दाबातून मोकळा झाला की उष्णता शोषतो, पुन्हा दाबला की ती बाहेर टाकतो. थंडी कुठून आणली जात नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन ओतली जाते. केळीला साधारण १३ अंशांखाली नेलं तर साल काळवंडते, म्हणून तिथे यंत्राला आवर घालतात. रिंकवर तेच यंत्र आणखी खाली, बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच-सहा अंशांवर येईपर्यंत चालवतात. जळगावच्या केळी व्यापाऱ्याला आइस रिंकचं तंत्र समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतील.

सामन्याच्या दोन डावांमध्ये बर्फावर एक बोजड गाडी फिरते. ती पात्याने खरवडलेला थर काढते, भेगा धुते आणि मागे पाण्याचा पातळ पापुद्रा सोडत जाते. आणि ते पाणी गरम असतं! गरम पाणी खालच्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, शिवाय त्यात हवा कमी विरघळलेली असते म्हणून बर्फ स्वच्छ आणि टणक होतो. ही गाडी १९४९ मध्ये घडवली फ्रँक झँबोनी यांनी, तीही बर्फाळ प्रदेशात नव्हे, उन्हाच्या कॅलिफोर्नियात. त्यांचा लाद्यांचा धंदा होता. घरोघरी फ्रिज आल्यावर लाद्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा हातात असलेल्या यंत्रांचं काय करायचं म्हणून त्यांनी १९४० मध्ये स्केटिंगची रिंक काढली होती. ती रिंक गुळगुळीत करायला माणसांना तासाहून जास्त वेळ लागे. गाडीने ते काम दहा मिनिटांवर आणलं.

त्यामुळे आइस हॉकी न खेळण्याला उन्हाचं कारण टिकत नाही. अॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराचा पारा २६ जून १९९० ला ५० अंशांवर गेला होता. आपल्या एनएमयूच्या जन्माच्या दीड महिना आधी. त्या शहराला लागून असलेल्या टेंपी गावात अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा पहिल्या श्रेणीतला आइस हॉकी संघ आहे. भारताच्या पुरुष संघाने २००९ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली ती अबू धाबीत, आणि भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं ते अल ऐनमध्ये. दोन्ही वाळवंटातली शहरं. लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या मुलींनी वाळवंटात पदक घेतलं, याचा मला फार आनंद झाला होता.

बर्फ करता येतो. शेजारी करता येत नाहीत.

हे मला अलाबामाच्या एका संघाने शिकवलं. अमेरिकेच्या उष्ण दक्षिणेतल्या हंट्सव्हिल या शहरात अलाबामा विद्यापीठाचा आइस हॉकी संघ होता. रिंक होती, खेळाडू होते, दुसऱ्या श्रेणीतली दोन राष्ट्रीय विजेतेपदं (१९९६ आणि १९९८) होती. तो संघ ज्या कॉन्फरन्समध्ये होता, तिच्यात मिशिगन आणि मिनेसोटाकडचे सात संघ होते, आणि अलास्कातले दोन. म्हणजे एका टोकाला अलाबामा, दुसऱ्या टोकाला उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचं अलास्का. विमानाची तिकिटं काढून काढून लहान विद्यापीठं थकली. २०१९ मध्ये त्या सात संघांनी आम्ही वेगळे निघतो असं जाहीर केलं, आणि २०२१ मध्ये आठ वर्षं बंद पडलेल्या सीसीएचएचं जुनं नाव घेऊन त्यांनी नवा संसार मांडला. अलाबामाच्या संघाने नवं घर शोधलं. मिळालं नाही. मे २०२१ मध्ये तो संघ बंद झाला. बर्फ तसाच होता, पण पुढच्या शुक्रवारी खेळायला कोणी येणार नव्हतं. अॅरिझोनाने मात्र कॉन्फरन्सशिवाय नऊ वर्षं काढली, पाहुण्यासारखी याच्याकडे त्याच्याकडे खेळत, आणि २०२४ मध्ये तिला जागा मिळाली.

शुक्रवार मी उगाच म्हटलं नाही. कॉन्फरन्सचे सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी असतात, म्हणजे मुलांचे तास फारसे बुडत नाहीत. पाहुणा संघ गुरुवारी बसने निघतो, दोन रात्री त्याच यजमानाशी खेळतो आणि रविवारी परततो. नियमित वेळेत जिंकलं तर तीन गुण. बरोबरी होऊन जादा वेळेत जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्यालाही एक. पूर्वेकडच्या ईसीएसी कॉन्फरन्समध्ये तर जवळजवळची विद्यापीठं जोडीने बांधली आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स ही विद्यापीठं एकमेकींपासून सोळा-सतरा किलोमीटरवर. पाहुणा संघ शुक्रवारी एकीकडे खेळतो, शनिवारी दुसरीकडे. जळगाव आणि भुसावळ म्हणा ना.

सगळ्यांना पुरेसे सामने मिळाल्यावर, मार्चमध्ये, बाद फेरी. कॉन्फरन्सचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. तिथे सोळा जागा, त्यातल्या सहा पहिल्या श्रेणीच्या सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव. म्हणजे लेक सुपीरियर स्टेटच्या दोन हजार मुलांच्या गावातूनही राष्ट्रीय मैदानापर्यंत एक मोकळी वाट कायम ठेवलेली आहे.

लेक सुपीरियर स्टेटची आणखी एक गोष्ट मला लोभस वाटते. १९४६ मध्ये ती मिशिगन टेकची शाखा म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये स्वतंत्र झाली. आज मायलेकी एकाच तक्त्यात गुणांसाठी भांडतात. आपलं विद्यापीठही असंच पुण्याच्या घरातून वेगळं निघालेलं. १९९० च्या आधी अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातल्या किंवा धुळ्याच्या एखाद्या मुलाला विद्यापीठाच्या संघात यायचं तर पुणे, नगर, नाशिक इथल्या पोरांमधून निवड व्हावी लागे. आता जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे आपले चार विभाग आहेत. विभागात महाविद्यालयं खेळतात, विभागाचे संघ आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात, तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठाचा रंग अंगावर चढला की घरातला फोटो बदलतो, गावात बोलावणं येतं.

व्यवस्था चांगली आहे, आणि ती चालवणाऱ्या क्रीडा संचालकांचे कष्ट मी पाहिले आहेत. पण कबड्डी, व्हॉलीबॉलसारख्या सांघिक खेळांत विभागाची स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने, एक-दोन दिवसांत उरकते. गणित करा. सोळा संघ, बाद पद्धत: एकूण सामने पंधरा, आणि आठ संघांच्या वाट्याला येतो फक्त एक. पहाटे पाचला उठून, एसटीने दोन तास येऊन, चाळीस मिनिटं खेळून मुलं परत. त्यांचा वर्षाचा खेळ संपला. आता आठच संघ घ्या आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी एकदा आपल्या गावी, एकदा त्याच्या गावी खेळू द्या. सामने होतात छप्पन, प्रत्येक संघाला चौदा. निवड करायला एक सामना पुरतही असेल, पण खेळाडू घडतो तो हरल्यानंतरच्या सामन्यात. मार्क्वेटमधल्या पोराला तो पुढच्याच दिवशी मिळतो.

आणि आपला नकाशा तर जणू यासाठीच आखला आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग बघा: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ. एका रुळावर सहा गावं, प्रत्येक ठिकाणी महाविद्यालय. महामार्गाने पाहिलं तर धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. मार्क्वेटहून होटन १६० किलोमीटर आणि सू सेंट मरी २६५, वाटेत हिमाचे ढीग आणि रस्ता ओलांडणारी हरणं. आपलं जळगाव ते धुळे शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

समजा, नंदुरबारच्या जी. टी. पाटील महाविद्यालयाचा कबड्डीचा संघ शुक्रवारी दुपारच्या गाडीत बसतो. संध्याकाळी जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयाशी सामना, रात्री यजमानांच्या वसतिगृहात भरीत-भाकरी. शनिवारी सकाळी भुसावळला नाहाटा महाविद्यालयाशी दुसरा. गेल्या महिन्यात हेच नाहाटाचे खेळाडू नंदुरबारला येऊन गेलेत, त्यांचा डावा कोपरा कोण आणि तो कधी झेप घेतो हे आता पोरांना पाठ आहे. प्लॅटफॉर्मवर ती त्याचीच चर्चा करत उभी आहेत.